बिहेवियरल सायन्ससाठी वीस लाख? ताई, थोडं थांबा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून एका ताईंनी मेसेज पाठवलाय. मुलगी बारावी झाली, तिला बिहेवियरल सायन्समध्येच (माणसं कशी आणि का वागतात याचा अभ्यास, सायकॉलॉजीला लागूनच) डिग्री करायचीय. पुण्याजवळच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत सीट मिळतेय, चार वर्षांचा कोर्स, फी वर्षाला साडेतीन लाख आणि हॉस्टेल-मेसचे दीड लाख वेगळे. मिस्टर सातपूरला कंपनीत, वय ४९, रिटायरमेंट ५८ ला. दोघांचे मिळून हातात ८२ हजार येतात, घराचा हप्ता १९ हजार आणि तो अजून आठ वर्षं आहे. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात ६ लाख, एफडी ५ लाख, मखमलाबादला एक छोटा प्लॉट. सीट अडवायला २५ हजार भरून झालेत. प्रश्न एवढाच, की बाकीचं लोन काढू का?

ताई, माझं मत आधीच सांगतो, नका काढू. मुलीचा विषय चांगलाय, तो बदलायला लावू नका, पण या विषयात बॅचलर डिग्री म्हणजे अर्धाच रस्ता असतो आणि तुम्ही सगळं पेट्रोल अर्ध्या रस्त्यातच जाळायला निघालाय.

हिशोब बघा. एकूण २० लाख. सुकन्यातून शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंतच काढता येतं म्हणजे ३ लाख, एफडी पूर्ण मोडली तर ५, उरले १२ लाख, ते लोन. वर्षाला ३ लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के धरलं आणि कोर्स संपल्यावर एक वर्ष सूट मिळाली, तरी त्या पाच वर्षांत नुसतं व्याजच ४ लाख ४० हजारांच्या आसपास चढतं. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर १६ लाख ४० हजार, दहा वर्षांसाठी महिन्याला साधारण २२ हजार. तेव्हा मिस्टर ५४ चे असतील आणि शेवटचा हप्ता ६४ व्या वर्षी. रिटायरमेंटनंतर सहा वर्षं हप्ता, आणि सुरुवातीची तीन वर्षं घराचा हप्ता पण सोबत चालू. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, तुमचं घर आधीच गहाण आहे म्हणजे मखमलाबादचा प्लॉट जाणार फाईलमध्ये. इन्कम टॅक्समध्ये शिक्षणाच्या लोनच्या व्याजाची वजावट मिळते पण ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच, त्यावर फार जीव टाकू नका.

तुम्ही म्हणाल मुलगी कमवायला लागली की ती भरेल. इथेच मेख आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन लागतं, ते नुसत्या बीएवर मिळत नाही. काउन्सेलिंग असो, कंपनीतलं एचआर किंवा रिसर्च असो, बहुतेक ठिकाणी पुढे एमए बघतात. म्हणजे चौथ्या वर्षानंतर परत फी आहे आणि तेव्हा एफडी पण नाही, प्लॉट पण अडकलेला.

मागच्या जूनमध्ये एका क्लायंटसोबत अशाच एका कॉलेजच्या काउन्सेलरसमोर बसलो होतो (हे तुमचं कॉलेज नाही). प्लेसमेंट विचारलं तर त्यांनी टॅब आमच्याकडे फिरवला, वीस-पंचवीस कंपन्यांचे लोगो. मी म्हटलं यातल्या कुठल्या कंपनीने सायकॉलॉजीची मुलं घेतली आणि किती पगारावर, तर त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता, आकडा काही आला नाही.

मग स्वस्त आणि चांगलं कुठे? आधी आपल्याच गावात बघा. कॉलेज रोडचं एचपीटी, गंगापूर रोडचं केटीएचएम, दोन्ही जुनी कॉलेजं, पुणे विद्यापीठाची डिग्री. अनुदानित तुकडीची आर्ट्सची फी वर्षाला काही हजारांत बसते. पण एकाच कॉलेजात विनाअनुदानित तुकडी पण असू शकते आणि तिची फी वेगळी, तर खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारा की ही सीट ग्रँटची का नॉन-ग्रँटची. दुसरा, सायकॉलॉजी मेजर (मुख्य विषय) म्हणून मिळतंय का फक्त मायनर (जोडविषय), कारण पुढच्या एमएच्या प्रवेशात याने फरक पडू शकतो. तिसरा, स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स आणि प्रॅक्टिकल किती आहेत. ज्या डिग्रीवर नुसतं बिहेवियरल सायन्स लिहिलंय तिथे तर सिलॅबस हातात घेऊन बघाच, आणि ही डिग्री सायकॉलॉजीच्या एमएला चालते का हे तुम्हाला जिथे एमए करायचंय त्या विद्यापीठाला ईमेल करून विचारा, लेखी उत्तर पाहिजे.

पुण्याचाच हट्ट असेल तर फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजला मेरिटवर ट्राय करा, तिथे खर्च फीचा कमी आणि रूम-मेसचा जास्त. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) दिली असेल तर दिल्ली विद्यापीठाची फी पण कमी आहे, पण दिल्लीत राहणं स्वस्त नाही. एक मार्ग मात्र बंद समजा. मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशिकचं म्हणून बरेच जण विचारतात की सायकॉलॉजी बाहेरून करू का, तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईनने शिकवायला बंदी घातलीय. कुठला एजंट अजून विकत असेल तर लांब राहा.

आता दुसरा हिशोब. मुलगी घरी राहून सिटीलिंकच्या बसने कॉलेजला गेली, फी, पुस्तकं, पास, एक लॅपटॉप सगळं धरून चार वर्षांना २ लाख समजू, ते पगारातून निघतील. सुकन्याला हात लावला नाही आणि सध्याचा ८.२ टक्के दर टिकला तर ६ लाखांचे चार वर्षांत ८ लाख २० हजार होतात, त्यातले निम्मे एमएला काढता येतील. एफडी टॅक्स जाऊन ६ लाखांजवळ जाईल. म्हणजे १० लाख रोख आणि प्लॉट मोकळा. मग एमएला मुंबई म्हणा, बेंगळुरू म्हणा, जाऊ दे की. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं एमए करायचं का चौथं वर्ष ऑनर्स करून एक वर्षाचं, हे तेव्हा ठरवता येईल. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मात्र हिशोबात धरू नका, तिला उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि तुमच्या हातात येणारेच वर्षाला ९ लाख ८४ हजार होतात.

त्या युनिव्हर्सिटीने निम्मी फी माफ केली तर परत मेसेज करा, तेव्हा मी वेगळं बोलेन. वीस लाखांवर नाही.

राहिले ते २५ हजार. तुम्ही लिहिलंय "भरलेत तर आता मागे कसं फिरायचं". ताई, हाच तर मुलीच्या सिलॅबसमधला धडा आहे, गेलेल्या पैशापायी अजून पैसे घालणं. रिचर्ड थेलरला २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते माणसं पैशाबाबत अशी का वागतात याच्याच अभ्यासासाठी. आणि ते पैसे गेलेच असंही नाही, यूजीसीचं फी परताव्याचं धोरण आहे, ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर परत द्यावे लागतात. यावर्षीची तारीख यूजीसीच्या साईटवर बघा, अर्ज लेखी द्या, ईमेलही करा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.