सहा गुण वाढवून द्यावेत का?

प्रश्न : सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचा क्लास आहे. सराव परीक्षेला सकाळच्या बॅचला एक पेपर होता, संध्याकाळच्या बॅचला दुसरा. दोन्ही १०० गुणांचे, दोन्हीकडे ४० मुलं. सकाळची सरासरी ५२, संध्याकाळची ४६. एकच गुणवत्ता यादी लावायची आहे. संध्याकाळच्यांना सरसकट सहा गुण वाढवून दिले तर चालेल का? २० प्रश्न दोन्ही पेपरांत तेच होते. गुणांचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर : नका देऊ. पेपर अवघड होता म्हणून सरासरी घसरली की मुलंच थोडी कच्ची होती, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. ते २० समाईक प्रश्न ठेवलेत, हे फार बरं केलंत. तुमच्या तक्त्याप्रमाणे त्यांत सकाळच्यांची सरासरी १३ आणि संध्याकाळच्यांची ११ आहे. म्हणजे त्याच प्रश्नांतही संध्याकाळची बॅच मागेच आहे.

आता संध्याकाळी ५८ गुण मिळवणारं मूल घ्या आणि समाईक प्रश्नांच्या आधारे त्याचे गुण सकाळच्या पेपरच्या मापात आणू. संध्याकाळचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८, म्हणून ते सरासरीच्या दीड विचलन वर आहे. समाईक प्रश्नांत त्या बॅचचं विचलन २.४, तिथे दीड विचलन वर म्हणजे ११ + ३.६ = १४.६. सकाळच्या बॅचमध्ये समाईक प्रश्नांचं विचलन ३, म्हणून १४.६ हे १३ च्या ०.५३ विचलन वर येतं. सकाळच्या पेपरचं विचलन १०, तेव्हा ५२ + ५.३ = ५७.३. थोडक्यात, ५८ चे ५७ झाले. समाईक प्रश्न सोडून नुसती सरासरी आणि विचलन जुळवलं असतं तर त्याच मुलाला ६७ मिळाले असते!

यादी लावण्याआधी समाईक प्रश्न एकेक तपासा. एखादा प्रश्न संध्याकाळी अचानक सोपा झालेला दिसला, तर तो सकाळीच बाहेर फुटला असणार. तो जुळवणीतून वगळा. एका पेपरात सुरुवातीला आणि दुसऱ्यात शेवटी आलेला प्रश्नही दगा देतो, कारण शेवटचे प्रश्न वेळेअभावी राहून जातात. शिवाय ४० मुलांच्या सरासरीतच दीडेक गुणाची हालचाल असते, तेव्हा एका गुणाच्या फरकावर पहिला-दुसरा ठरवू नका.

पुढच्या वेळी प्रत्येक बॅचमध्ये एकाआड एक ‘अ’ आणि ‘ब’ पेपर वाटा. दोन्ही गट साधारण सारखे होतील आणि हा सगळा खटाटोप वाचेल.

प्रश्न : सीईटीत मुलीला १३१ गुण, दुसऱ्या शिफ्टच्या मैत्रिणीला १२७. तरी मैत्रिणीचं पर्सेंटाइल जास्त कसं? (पालक, अक्कलकोट)

उत्तर : पर्सेंटाइल आपापल्या शिफ्टपुरतं काढतात. तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, भागिले त्या शिफ्टमधले एकूण परीक्षार्थी, गुणिले १००. मैत्रिणीचा पेपर अवघड असेल तर १२७ वरही तिने जास्त मुलांना मागे टाकलेलं असतं. शिफ्ट कोणत्याही क्रमाने वाटल्यामुळे सगळीकडची मुलं सारखीच, हे त्यात गृहीत आहे. दशांशानंतर सात आकडे असतात ते बरोबरीत अडकणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून. आणि ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के नव्हेत : ५००० जणांच्या शिफ्टमध्ये ते मिळवणाऱ्याच्या वर अजून १०० जण असतात.