वाचक विचारतात: बाळाची पेज आणि पेजेपलीकडचं

प्रश्न: मुलगी आठ महिन्यांची आहे. अंगावरचं दूध पिते, शिवाय दिवसातून चार वेळा वाटीभर पेज, मधूनच नाचणीचं सत्त्व. खायला कुरकुर नाही, तरी दोन महिने वजनाचा काटा 7 किलोवरच. सासूबाई म्हणतात, आमची पोरं पेजेवरच वाढली. (एक आई, देवगड)

उत्तर: दोन महिने वजन हललेलं नाही, म्हणून आधी बाळाला डॉक्टरांना दाखवा. पण दोष वाटीतही दिसतो आहे. 7 किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिली मावतं. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात, निवळ पेजेत त्याहून पुष्कळ कमी. पेजेने पोट भरलं की बाळ दूध कमी ओढतं, म्हणजे कसदार सोडून पाणचट घेतं. सासूबाईंनाच जरा खोदून विचारा, पेजेबरोबर काय काय भरवायच्या ते. कुळथाची पिठी आणि मुडदुशी मासा निघतीलच!

पेज सोडायची गरज नाही, ती घट्ट करा. उकडा तांदूळ 3 चमचे आणि मूगडाळ 1 चमचा भाजून घ्या, पाच-सहा पट पाण्यात लाल भोपळ्याच्या दोन फोडींसह मऊ शिजवा आणि पळीने घोटा. मिक्सर नको. नवव्या महिन्यापर्यंत बारीक गुठळ्यांची सवय झाली नाही, तर पुढे चावून खायला मूल त्रास देतं. चमचा तिरका केला की भात सावकाश घसरावा, पाण्यासारखा ओघळू नये. वरून चमचाभर तूप घाला, त्यातूनच 45 कॅलरी मिळतात. मीठ-साखर नको. अशी अर्धी वाटी, दिवसातून तीन वेळा.

आता सत्त्व. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळली की खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण त्यातलं बरंचसं सालीजवळ. म्हणजे ज्यासाठी नाचणी द्यायची, ते चोथ्याबरोबर उकिरड्यावर जातं. त्यापेक्षा मोडाचं पीठ करा. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधा, एक-दोन दिवसांत मोड येतील. उन्हात खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा, दळून चाळा. लालसर होईपर्यंत भाजलीत तर मोडातला पिष्ट (स्टार्च) विरघळवणारा घटक मरतो, आणि खरी गंमत त्यातच आहे: घट्ट शिजलेल्या भातात तो कोमट झाल्यावर हे पीठ चमचाभर मिसळलं, की पाणी न घालता भात सैल होतो. मग एक उकळी काढून भरवा. पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांपुरतंच करा, बुरशी लवकर धरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात आठ अन्नगट आहेत, त्यांतले किमान पाच दिवसभरात हवेत. आईचं दूध, धान्य, डाळ, भोपळा असे चार झाले. पाचवा अंडं किंवा मासा. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत येतो आणि आईच्या दुधातून लोह थोडंच मिळतं, म्हणून हा पाचवा टाळू नका. अंडं नीट उकडलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही चालतं.

प्रश्न: मासा कोणता द्यावा? काट्याची भीती वाटते. आणि मासेमारीबंदीच्या दिवसांत काय करायचं? (मालवण)

उत्तर: मुडदुशी, सौंदाळा, पापलेट, बांगडा. तारली नको, काटे फार बारीक. मोरी-मुशी (लहान शार्क) बाळंतिणीला देतात, पण शिकारी माशांत पारा साठतो, बाळाला तीही नको. कालवणात तिखट पडण्याआधी तुकडा बाजूला काढून वाफवा. काटे काढल्यावर मांस दोन बोटांत चुरून पुन्हा चाचपा. नजरेला न दिसलेला काटा बोटाला लागतो. पहिल्यांदा अर्धा चमचाच द्या आणि तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नको, म्हणजे पुरळ उठलं तर कारण कळेल.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यालाच असतात. तेव्हा अंडी, खाडीतली ताजी मासळी, नाहीतर मीठ न लावता वाळवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. जवळ्यात वाळू असते. तीन-चार पाण्यांतून वरच्यावर उचलून घ्या, कोरडा भाजा, पूड करा, अर्धा चमचा भातात. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या घरात मात्र आधी डॉक्टरांना विचारा. खारा बांगडा बाळाच्या वाटीत नकोच.

प्रश्न: मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करायची आमच्याकडे रीत आहे. (गुहागर)

उत्तर: मुहूर्त दोन महिने पुढे, सातव्या महिन्यात घ्या. 180 दिवस फक्त आईचं दूध, पाणीही नको. खिरीत मध घालू नका. त्यातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो.

प्रश्न: दीड वर्षाचा नातू चहात बुडवलेलं बिस्किट मागतो. (आजी, वेंगुर्ले)

उत्तर: चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि बिस्किटाने जेवणाची भूक मरते. त्या वेळेला कुस्करलेलं केळं नाहीतर नाचणीचं घावन हातात द्या. ओले काजूगर असतील तर ते वाटून, अख्खे नाहीत. फणसाचा गराही बारीक तोडून. बरका असेल तर त्याचे धागे काढून.