‘ॲव्हटार’ नव्हे, अवतार. आणि तोही प्रत्येक गेममध्ये नाही

विचारलेला प्रश्न असा आहे: मराठीत व्हिडिओ गेमविषयी लिहिताना खेळणाऱ्याच्या पात्राला ‘ॲव्हटार’ म्हणावे की ‘अवतार’, आणि हा शब्द सगळ्या गेमप्रकारांना सरसकट लागू पडतो का?

पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत संपते. अवतार लिहावे आणि अवतारच म्हणावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जो शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला, तो परत घेताना त्याचा उच्चार मोडून घेण्याचे काहीच कारण नाही. नातू ‘माझा ॲव्हटार लेव्हल वीसला पोचला’ म्हणतो, त्याच घरात आजी त्याला ‘हा काय अवतार करून आलास?’ म्हणून रागावते, आणि आपण दोघे एकच शब्द बोलतो आहोत याचा दोघांनाही पत्ता नसतो. हे मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. त्याहून अधिक त्रास ‘प्रतिरूप’ आणि ‘आभासी प्रतिमा’ हे पर्याय सुचवणाऱ्या परिभाषाकारांचा होतो. प्रतिरूप म्हणजे जे आहे त्याचीच दुसरी आवृत्ती. गेममध्ये शिंगे असलेला सात फुटी योद्धा होऊन फिरणाऱ्या शाळकरी मुलीचे ते प्रतिरूप कसे? हातात चालता शब्द असताना कारखान्यातून नवा मागवण्याची ही सवय आपल्या परिभाषेला फार महागात पडली आहे.

विष्णूचे दहा अवतार वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून तिकडे वळत नाही. मला सांगायचा आहे तो अर्थ विहिरीतला आहे. पाणिनीचे ‘अवे तॄस्त्रोर्घञ्’ असे सूत्र आहे. त्याने ‘अव’ (खाली) हा उपसर्ग आणि ‘तॄ’ (तरून पार जाणे) हा धातू यांपासून ‘अवतार’ शब्द सिद्ध होतो. हे सूत्र करण आणि अधिकरण या अर्थांच्या प्रकरणात येते, म्हणजे क्रिया जिच्यामुळे किंवा जिथे घडते ती वस्तू किंवा जागा तिथे अभिप्रेत असते. सिद्धान्तकौमुदी या पाणिनीच्या सूत्रांवरील ग्रंथात त्यावर उदाहरण दिले आहे ते ‘अवतारः कूपादेः’ असे. विहिरीचा अवतार, म्हणजे विहिरीत उतरण्याची जागा. आपल्या बारवेच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. व्याकरणकारांच्या हिशेबाने त्या पायऱ्या हाच अवतार होय.

गेमच्या संदर्भात मला हाच अर्थ सर्वांत नेमका वाटतो. पडद्यावरचे पात्र हा उतरलेला देव मानला की खेळणारा देव ठरतो आणि सगळी चर्चा भलतीकडे जाते. ते पात्र म्हणजे आपली उतरण्याची वाट मानली, तर कुठल्या गेमप्रकारात अवतार आहे आणि कुठल्यात नाही हे चटकन ठरवता येते: ज्या पात्रातून आपण गेममध्ये उतरतो ते अवतार, आणि जे पात्र आपल्याआधीच तिथे राहायला आलेले असते ते अवतार नव्हे.

इथे एका आवडत्या गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. ‘उतरणे’ हे क्रियापद ‘अवतरणे’ यावरून आले, असे शिकलेले लोकही ठामपणे सांगतात. अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. संस्कृतातला ‘अव’ मराठीत येताना ‘ओ’ होतो, जसे अवलंबावरून ओळंबा. आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा ‘त’ प्राकृतात गळून पडतो, जसे माता आणि माय, किंवा जाती आणि जाई. त्यामुळे ‘अवतरति’ याचे प्राकृतात ‘ओअरइ’ झाले. त्यात त उरलाच नाही. ‘उतरणे’ यातला त टिकला, कारण तो मुळात जोडीचा होता: भक्त, भत्त, भात या वाटेने जसा टिकला तसाच. म्हणजे मूळ ‘उत्तरति’ हे आहे, त्यातला उपसर्ग ‘उत्’ (वर). त्याचा अर्थ पाण्यातून वर येणे, पैलतीराला लागणे. नाव काठाला लागली की माणूस नावेतून खाली पाय टाकतो, म्हणून ‘वर येणे’ सांगणारा शब्द बोलता बोलता ‘खाली येणे’ सांगू लागला. ‘उतारू’ हा त्याच घरातला. तीर्थ, तारू, तरणे ही सगळी ‘तॄ’चीच मुले. आणि लिखित मजकुरातून घेतलेल्या तुकड्याला एक जण अवतरण म्हणतो, दुसरा उतारा म्हणतो, तेव्हा एकाच धातूच्या दोन घराण्यांतले भाऊ एकाच कामावर भेटतात. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा आणि गेममधला अवतार हे असे चुलत भाऊ आहेत.

आता हा शब्द गेममध्ये कधी शिरला ते पाहू. १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो रूढ केला, असे लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ती चूक आहे. प्रसार त्या कादंबरीने केला हे मान्य. जन्म तिथला नाही, आणि ‘हॅबिटॅट’ या गेममध्ये हा शब्द आधीच वापरला गेला होता हे त्या कादंबरीकाराने स्वतः नमूद केले आहे. लुकासफिल्म गेम्सने कमोडोर ६४ साठी तयार केलेल्या या हॅबिटॅटमध्ये, म्हणजे १९८६ च्या सुमारास, चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी खेळणाऱ्याच्या पडद्यावरील आकृतीला हेच नाव दिले होते. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार’ आला. माझ्या दृष्टीने या शब्दाचा खरा मुक्काम तिथे आहे, आणि माझी सर्वांत आवडती मालिकाही तीच, हे आधीच सांगून टाकतो.

त्या काळातल्या आरपीजींमध्ये (रोल-प्लेइंग गेममध्ये) राक्षस मारावे, सोने उचलावे, शेवटी मोठ्या खलनायकाला मारावे, एवढाच व्यवहार असे. अल्टिमा ४ मध्ये शेवटचा खलनायकच नाही. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडून सात प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांच्या विरुद्ध उभे केलेले असतात: प्रामाणिक राहावे की दया करावी, शौर्य दाखवावे की न्याय करावा. उत्तरांवरून आपण जादूगार, लढवय्या की मेंढपाळ हे ठरते. आपल्याला पात्र निवडता येत नाही. आपण कसे आहोत ते सांगावे लागते.

पुढे आठ सद्गुण अंगी बाणवायचे असतात. त्यांची परीक्षा कुठे होते ते पाहण्यासारखे आहे. मंत्रांसाठी लागणारी वनौषधी विकणारी बाई आंधळी असते. ती हिशेब सांगते आणि किती पैसे देतोस ते विचारते. आकडा आपण टाकायचा. शंभरच्या मालाला एक नाणे ठेवले तरी ती माल देते, आभारही मानते, आणि पडद्यावर काहीही घडत नाही. पुष्कळ वेळाने राजवाड्यातल्या द्रष्ट्याला प्रामाणिकपणाविषयी विचारले की तो आपली खरी स्थिती सुनावतो. वैद्याकडे रक्तदान केले तर त्यागाची नोंद होते. दुष्ट शत्रूसमोरून पळ काढला तर शौर्य उणे होते. प्रत्येक सद्गुणाच्या देवळात त्याचा मंत्र जपून ध्यान करायचे असते, आणि अध्यात्माच्या देवळातला मंत्र ‘ओम्’ आहे. ते देऊळ चालत जाऊन सापडत नाही. गेममधल्या जगाचे दोन्ही चंद्र पूर्ण असताना चंद्रद्वारातून, म्हणजे दुसरीकडे पोचवणाऱ्या जादूच्या दारातून, जावे लागते. खेळणारा पुरेसा लायक ठरला तर अवतारपणाचा एक अष्टमांश मिळतो आणि घसरला तर तो हातचा जातो. आठही अंश जमले की माणूस अवतार होतो.

इथे अर्थाची दिशा उलटली आहे हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो. गॅरियट यांच्या गेममध्ये सामान्य माणूस पायरी पायरीने चढून अवतार होतो. ‘उत्’ घेऊन वर निघालेला शब्द मराठीत खाली आला आणि ‘अव’ घेऊन खाली निघालेला शब्द त्या गेममध्ये वर चढला. ही गॅरियट यांची चूक असे म्हणणारे संस्कृतज्ञ मला भेटले आहेत. त्यांना माझे उत्तर असे की बारवेच्या पायऱ्या उतरायला असतात तशा चढायलाही असतात. कौमुदीचे उदाहरण मनात ठेवले तर चूक काढायला जागाच राहत नाही.

बाकीचे प्रकार याच मापाने मोजतो. ‘मॉरोविंड’ (२००२) हा एल्डर स्क्रोल्स मालिकेतला माझा लाडका गेम. त्यात आपण कैदी म्हणून जहाजातून सेयडा नीनच्या धक्क्यावर उतरतो, नाव विचारले जाते, आणि पुढे कळते की लोक आपल्याला नेरेव्हार या प्राचीन वीराचा नवा जन्म समजतात. एका गुहेत आपल्याआधी तोच दावा करून अपयशी ठरलेल्यांचे आत्मे भेटतात. मराठीत याला सर्रास ‘नेरेव्हारचा अवतार’ लिहिले जाते. ते बरोबर नाही. मेलेला माणूस पुन्हा जन्मला तर तो पुनर्जन्म होय. अवताराला आधी मरावे लागत नाही. नेरेव्हारच्या बाबतीत पुनर्जन्म म्हणावे; अवतार आहोत ते आपण, कैद्याच्या रूपाने तिथे उतरलेले.

‘विचर ३’ (२०१५) मधला रिव्हियाचा गेराल्ट मला अतिशय प्रिय आहे, तरी त्याला अवतार म्हणू नये. त्याचा भूतकाळ, त्याची माणसे, त्याचा आवाज सगळे आधीच ठरलेले आहे. निर्णय आपण घेतो, पण बोलतो तोच. तिथे आपण उतारू असतो. हा शब्द मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण कथा सांगणाऱ्या मोठ्या मालिकांमध्ये खेळणाऱ्याचे नाते याहून नेमके सांगणारा शब्द मला मराठीत दिसत नाही. ‘डूम’ (१९९३) मध्ये हातातले शस्त्र आणि पडद्याच्या तळाशी हळूहळू रक्ताळत जाणारा चेहरा एवढेच दिसते, त्या चेहऱ्याला नाव नाही, म्हणून तो निःशंक अवतार. १९८६ च्या ‘झेल्डा’मध्ये सुरुवातीलाच आपले नाव नोंदवायचे असते, त्यामुळे तोही. ‘पॉप्युलस’ (१९८९) मध्ये आपण साक्षात देव असतो, जमीन वरखाली करतो, आणि तरीही तिथे अवतार नाही, कारण आपण कुठे उतरतच नाही. ‘सिव्हिलायझेशन’चेही तेच.

आरपीजीला ‘भूमिका-खेळ’ म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. भूमिका म्हटली की हाती संहिता येते. तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात संहिता नसते. संकासुराचा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, झाला की आख्यान सुरू होते, कथा सगळ्यांना ठाऊक असते, आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये टेबलाभोवती बसलेले खेळाडू नेमके हेच करतात. या प्रकाराला ‘सोंगांचा खेळ’ म्हणावे असे माझे मत आहे. सोंग घेणे, सोंग आणणे, सोंग वठणे ही सगळी क्रियापदे आयती मिळतात.

राहता राहिला ‘अवतार संपला’ हा वाक्प्रचार. मारिओ पडला की आमच्याकडे ‘लाइफ गेली’ म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण आणखी लाइफ शिल्लक असतात. ‘अवतार संपला’ हे शब्द १९८० च्या ‘रोग’साठी आणि त्याच्या वंशातल्या गेमसाठी राखून ठेवावेत. तिथे आपण @ या एका चिन्हाने भुयारात उतरतो, मेलो की सेव्ह केलेला डावही पुसला जातो, आणि पुढच्या वेळी भुयाराची रचना नवी असते. ‘रोग’ हा शब्द आपल्या लिपीत लिहिला की आजार आठवतो, म्हणून काही जण तो ‘रोऊग’ असा लिहितात. त्याची गरज नाही. अवतरणचिन्हांत ‘रोग’ लिहावे.