‘ढ’ ठरलेला सूक्ष्म आचार्य

प्रश्न : इंग्रजीत ढ विद्यार्थ्याला ‘डन्स’ म्हणतात. हा शब्द मध्ययुगातील एका थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या नावावरून आला, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास, त्याच्या संप्रदायाची शिकवण कोणती आणि त्याच्या नावाची अशी गत का झाली?

उत्तर : खरे आहे. जॉन डन्स स्कॉटस हा स्कॉटलंडमधला फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला, संन्यासी. ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथे त्याने अध्यापन केले आणि १३०८ मध्ये कोलोन येथे तो वारला. युक्तिवादाच्या बारीक विणीमुळे त्याला ‘सूक्ष्म आचार्य’ हे बिरुद मिळाले.

त्याच्या नावाने चाललेल्या स्कॉटवादाचा सर्वांत मोलाचा विचार, माझ्या मते, व्यक्तित्वाविषयीचा आहे. सॉक्रेटिस आणि प्लेटो दोघेही माणूसच. मग सॉक्रेटिस हा सॉक्रेटिसच कशामुळे? तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचे उत्तर होते, जडद्रव्यामुळे. स्कॉटसला ते पुरेसे वाटले नाही, कारण ते द्रव्य ‘हेच’ कशामुळे, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रत्येक वस्तूत, तिच्या जातिस्वरूपाखेरीज, तिला अनन्य करणारे एक अंतिम तत्त्व असते, असे त्याने मांडले. त्याचे लॅटिन नाव ‘हेकेइतास’. मराठीत ‘हेपण’, म्हणजे ‘हेच’ असणे, म्हणता येईल. भारतीय वैशेषिक दर्शनातला, वस्तूंना एकमेकींपासून वेगळे करणारा ‘विशेष’ इथे आठवेल, पण तो परमाणू, आत्मा अशा नित्य द्रव्यांपुरताच आहे; स्कॉटसचे हेपण दारातल्या दगडालाही आहे.

अशा भेदांवर शिष्यांनी आणखी भेद रचले आणि सोळाव्या शतकातील मानवतावाद्यांना (प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येच्या पुरस्कर्त्यांना) व धर्मसुधारकांना ती सारी शब्दांची कसरत वाटू लागली. त्यामुळे स्कॉटसच्या अनुयायांना लावले जाणारे ‘डन्स’ हे नाव हेटाळणीचे झाले: आधी काथ्याकूट करणारा, आणि पुढे नवी विद्या डोक्यात न शिरणारा मठ्ठ. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या राजवटीत, १५३५ मध्ये, ऑक्सफर्डची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्कॉटसचे ग्रंथ हद्दपार केले. त्यांच्यापैकी रिचर्ड लेटन याने राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला पत्रातून, काहीशा समाधानानेच, कळवले आहे की न्यू कॉलेजचे प्रांगण त्या ग्रंथांच्या पानांनी भरले होते, वारा ती कोपऱ्याकोपऱ्यात उडवत होता, आणि बकिंगहॅमशरचा एक गृहस्थ, शिकारीच्या वेळी हरणे रानाबाहेर पळू नयेत म्हणून, बुजगावण्यांसाठी ती वेचत होता.