सेट टॉप बॉक्स खाली हॉलमध्ये आहे, टीव्ही गच्चीवरच्या खोलीत, वायरिंग धरून ४० मीटर. लांब एचडीएमआय केबल चालेल का?

नाही, ४० मीटरला साधी एचडीएमआय केबल चालणार नाही, एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी (दोन छोटे डबे, एक सेट टॉप बॉक्सपाशी, एक टीव्हीपाशी) घ्या आणि मधे कॅट ६ केबल, म्हणजे इंटरनेटला वापरतात तसली नेटवर्क केबल टाका. तांब्याच्या तारेत हा सिग्नल फार लवकर क्षीण होतो, फुल एचडी १०-१५ मीटरपर्यंत कसंबसं निभावतं, ४के ६० हर्ट्झला (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र, सेकंदाला ६० वेळा) तर ५ मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि सिग्नल डिजिटल असल्यामुळे जुन्या अँटेनासारखं नुसतं मुंग्या मुंग्या येऊन भागत नाही, आधी स्क्रीनवर पांढरे ठिपके चमकतात मग मधेच चित्र काळं पडतं आणि शेवटी सरळ नो सिग्नल. मी हीच जोडणीची कामं करतो, त्यात एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून एचडीएमआय लांब नेण्याचं तंत्र) वाले एक्स्टेंडर सगळ्यात भरवशाचे, फुल एचडी १०० मीटरपर्यंत नेतात. महाग पडतात पण रोजच्या वापराला तेच घ्या. घेताना एवढं बघा:

- केबल अस्सल तांब्याची हवी, सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त मिळते ती अजिबात नको
- दोन्ही डब्यांमधे एकच सलग केबल, मधे राउटर किंवा स्विच नाही
- आयआर म्हणजे रिमोटचा सिग्नल खाली बॉक्सपर्यंत नेण्याची सोय असलेला सेट घ्या, म्हणजे वर टीव्हीपाशी बसूनच रिमोटने चॅनल बदलता येतो

फक्त ४के ६० हर्ट्झ एचडीआरच (उजळ-गडद छटा जास्त ठळक दाखवणारं चित्र) हवं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल, म्हणजे तांब्याऐवजी फायबरमधून प्रकाशाने सिग्नल नेणारी, बघा, तिला दिशा असते, सोर्स लिहिलेलं टोक बॉक्सला आणि डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीला, भिंतीतल्या पाइपातून ओढायच्या आधी हे नक्की तपासा.