अ‍ॅस्टेरिऑनवरच बर होल घेतला, तरी सायनस का उघडला?

तुम्ही विचारलंय की रेट्रोसिग्मॉइडसाठी (कानामागून कवटी उघडून सेरेबेलमपर्यंत, म्हणजे लहान मेंदूपर्यंत, जाण्यासाठी) अ‍ॅस्टेरिऑन नीट ओळखून तिथेच पहिला बर होल (कवटीत ड्रिलने पाडलेलं भोक) घेतला, तरी सायनसमधून (ड्युरातल्या मोठ्या शिरेतून) रक्त का आलं. कारण होल बरोबर सायनसवरच पडला. अ‍ॅस्टेरिऑन म्हणजे लॅम्डॉइड, परायटोमास्टॉइड आणि ऑक्सिपिटोमास्टॉइड या तीन सूचर्सचा (कवटीच्या हाडांमधल्या जोडांचा) कानामागचा सांधा. ट्रान्स्व्हर्स-सिग्मॉइड जंक्शन (आडवा ट्रान्स्व्हर्स सायनस खाली वळून सिग्मॉइड सायनस होतो ती जागा) त्याच्या आसपास असतं एवढंच खात्रीने म्हणता येतं. माणसागणिक ते वरखाली, पुढेमागे सरकतं, आणि उतारवयात सूचर्स बुजल्या की अ‍ॅस्टेरिऑन नेमका सापडतही नाही.

म्हणून पहिला होल त्यापासून साधारण 1 सेंमी खाली आणि थोडा मध्यरेषेकडे घ्या, म्हणजे आधी सेरेबेलमवरचा ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) दिसेल. मग तिथून वर आणि पुढे सायनसच्या दिशेने सरका. झायगोमाच्या (गालाच्या हाडाच्या कमानीच्या) मुळापासून इनिअनपर्यंतची (डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतची) रेघ ट्रान्स्व्हर्स सायनसचा, तर डायगॅस्ट्रिक खाचेतून (मास्टॉइड या कानामागच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या खाचेतून) वर जाणारी रेघ सिग्मॉइडचा अंदाज देते. दोन्ही कातडीवर आखून घ्या, पण व्हेनोग्राम (शिरांचं चित्रण) आधी पाहा. उजवा सायनस बहुधा मोठा असतो. त्या बाजूला हात आणखी आवरता ठेवा.

सायनसवरच्या हाडात क्रॅनिओटोम (हाड कापायचं यंत्र) घालू नका. डायमंड बरने (हाड घासणाऱ्या ड्रिलच्या टोकाने), भरपूर पाणी सोडत, हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ करा; निळी झाक दिसली की थांबा आणि उरलेला पापुद्रा डिसेक्टरने उचला. वयस्कांमध्ये ड्युरा हाडाला घट्ट चिकटलेला असतो. तिथे घाई केली की सायनस फाटलाच.

मास्टॉइड एमिसरी व्हेन (मास्टॉइड हाडातून सिग्मॉइड सायनसला मिळणारी छोटी शीर) बहुतेक जण रक्तस्रावाची कटकट समजतात. खरं तर ती वाटाड्या आहे: तिच्या मागावर गेलात की सिग्मॉइडची मागची कड मिळते. मात्र ती ओढून तोडू नका, नाहीतर सायनसच्या भिंतीतच भोक पडेल. हाडातल्या छिद्रात वॅक्स (हाडाचं रक्त थांबवणारं मेण) बेताने लावा. दाबून कोंबलेलं वॅक्स सायनसच्या आत जाऊन थ्रॉम्बोसिस (रक्ताची गुठळी) होऊ शकतो.

सायनस उघडलाच तर बायपोलर (विजेने जाळून रक्त थांबवणारा चिमटा) लावू नका, कड आकसून भोक मोठं होतं. जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज), वर कॉटनॉइड (कापसाची पट्टी), हलका दाब आणि धीर. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. मोठ्या फाटीला टाका किंवा स्नायूचा तुकडा लागतो, पण पोकळीत काही कोंबायचं नाही. एंड-टायडल (श्वास सोडताना शेवटी मोजलेला) कार्बन डायऑक्साइड एकदम घसरला तर एअर एम्बोलिझम (शिरेत हवा शिरणं) धरून चाला: सलाइनने जागा बुडवा, डोकं खाली घ्या, भूलतज्ज्ञांना लगेच सांगा.

ड्युरा उघडताना सायनसच्या कडेला 2-3 मिमी पट्टी सोडा, शिवायला लागते. रिट्रॅक्टरच्या (मेंदू बाजूला धरणाऱ्या पट्टीच्या) आधी खालच्या सिस्टर्नमधून (मेंदूभोवतीच्या द्रवाच्या कप्प्यातून) सीएसएफ (मेंदूभोवतीचा द्रव) काढा. सेरेबेलम आपोआप सैल पडतो. फुगलेल्या सेरेबेलमवर रिट्रॅक्टर दाबणं म्हणजे कंट्यूजन (मेंदूला मुका मार) ओढवून घेणं.

उघड्या पडलेल्या मास्टॉइड एअर सेल्सना (मास्टॉइड हाडातल्या, मध्यकर्णाशी जोडलेल्या हवेच्या पोकळ्यांना) उघडताना वॅक्स लावलंत तरी बंद करताना पुन्हा लावा. एखादी राहिली तर सीएसएफ मध्यकर्णात उतरून युस्टेशियन ट्यूबमधून नाकात येतो. टाके कोरडे दिसतात, कानही कोरडा असतो. शंका असेल तर पेशंटला बसवून पुढे वाकवा आणि नाकातून पाणी ठिबकतंय का पाहा.