जुन्या आठवणींचे दृश्य घडवताना
गिरणगावावर चित्रफीत करताना एआयला केवळ ‘जुनी मुंबई’ एवढेच सांगितलेत, तर ते सरसकट पिवळट, धूसर दृश्य हाती देईल. म्हणून आधी माध्यम ठरवा. १९८०च्या दशकातील लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल, तर जुन्या टीव्हीसारखी ४:३ चौकट, सेकंदाला २५ फ्रेम आणि कडांबाहेर ओघळणारा लाल रंग हवा. सुपर ८ ही घरगुती चित्रीकरणाची छोटी फिल्म बहुधा सेकंदाला १८ फ्रेमने चालत असे, आणि तिचे कण व थरथर अगदी निराळी. पाट्यांवरील देवनागरी अक्षरे एआय अनेकदा बिघडवते, ती स्वतः लिहून जोडा. आवाज मात्र खराच घ्या: गिरणीच्या भोंग्याविषयी बोलणाऱ्या आजींचा थकलेला स्वर मला कोणत्याही कृत्रिम चित्राहून जवळचा वाटतो. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपाची दृश्ये निर्माण केलीत, तर ती कृत्रिम असल्याचे पडद्यावरच लिहा. त्या संपात ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांची मुले ती पाहणार आहेत.